दाढीच्या साबणाची निवड : घटकद्रव्ये, सुगंध आणि खानदेशचा तेल-वारसा

बीजसंज्ञा : साबणीकरण, स्टिअरिक आम्ल, दुष्फेन पाणी, सरकीचे तेल, रोशा तेल, जेरॅनिऑल

प्रस्तावना :

दाढी करणे ही क्रिया इतकी नित्याची आहे की तिच्या साधनांचा विचार अभ्यासाचा विषय होऊ शकतो असे सहसा कोणास वाटत नाही. पाण्याची वाटी, वस्तरा, धार लावण्याची चामड्याची पट्टी आणि शेवटी गालावर फिरवावयाचा तुरटीचा खडा एवढ्या साहित्यावर आपल्याकडील नाभिक व्यावसायिकांनी पिढ्यानुपिढ्या काम केले. ब्रश आणि गोल साबण त्या मानाने अलीकडचे. पुढे नळीतील क्रीम आले, त्यानंतर डब्यातून दाबाने बाहेर पडणारा तयार फेस आला आणि साबणाची वडी मागे पडली. गेल्या काही वर्षांत मात्र हस्तनिर्मित साबणाच्या रूपाने ती पुन्हा बाजारात दिसू लागली आहे. बचत गटांची प्रदर्शने, खादी भांडारे, शहरातील भेटवस्तूंची दुकाने अशा ठिकाणी 'चंदन', 'खस', 'गुलाब' अशा नावांच्या वड्या बऱ्याच चढ्या किमतीला विकल्या जातात. ग्राहक वडी नाकाशी नेतो, रंग पाहतो आणि विकत घेतो. घटकद्रव्यांची यादी क्वचितच वाचली जाते, आणि वाचली तरी तिचा अर्थ लावण्याचे साधन हाताशी नसते.

हे साधन पुरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. तेलबिया, तेलगिरण्या, वनस्पती तूप, साबण आणि सुगंधी गवत या सर्वांचा या भूमीशी जुना संबंध आहे. साबणाच्या वेष्टनावरील अनेक शब्दांचे स्पष्टीकरण आपल्या तालुक्यांतच मिळते. लेखाचा वाचक प्राध्यापक आहे असे गृहीत धरून काही ठिकाणी रसायनशास्त्राच्या तपशिलात शिरलो आहे. अन्य विद्याशाखांच्या वाचकांनी तेवढा भाग ओलांडून पुढे गेल्यास फारसे बिघडणार नाही.

दाढीचा साबण वेगळा का :

अंघोळीच्या साबणाने दाढी होत नाही असे नाही, पण चांगली होत नाही. दाढीचा केस कोरडा असताना चिवट असतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजला की केरॅटिन पाणी शोषून घेते आणि केस कापण्यास लागणारा जोर बराच कमी होतो. केस मऊ करण्याचे खरे काम अशा रीतीने पाणीच करते. ते पाणी गालावर धरून ठेवणे आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये घसरता थर निर्माण करणे, ही दोन कामे साबणाकडे येतात. त्यासाठी फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि पाच-सात मिनिटे न बसणारा असावा लागतो. अंघोळीच्या साबणाचा मोठ्या बुडबुड्यांचा फेस तेवढा वेळ टिकत नाही.

तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर तापविली असता मेदाम्लांचे क्षार, म्हणजे साबण, आणि ग्लिसरीन तयार होते, हे आपण शाळेत शिकलो. फेसाचा स्वभाव कोणते मेदाम्ल आणि कोणती अल्कली यांवर ठरतो. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याचा साबण झटकन फेसतो, मोठे बुडबुडे देतो आणि त्वचेला कोरडेपणाही आणतो. स्टिअरिक व पामिटिक या लांब शृंखलेच्या आम्लांचा साबण हळू फेसतो, पण तो फेस सायीसारखा दाट असतो व टिकतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण एकूण मेदाच्या निम्म्याच्या आसपास ठेवण्याची प्रथा यामुळेच पडली. केवळ कॉस्टिक सोडा वापरल्यास स्टिअरिक आम्लाचा साबण इतका कठीण होतो की ब्रशाला लागत नाही. म्हणून सोड्याबरोबर पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात. पोटॅशियमचा साबण मऊ व पाण्यात लवकर विरघळणारा असतो. या दोन अल्कलींचा मिलाफ ही दाढीच्या साबणाची खरी ओळख होय.

पूर्वी स्टिअरिक व पामिटिक आम्लांचा सोपा पुरवठा प्राण्यांच्या चरबीतून होत असे, आणि युरोप-अमेरिकेतील अनेक नामांकित दाढीचे साबण आजही चरबीवरच आधारलेले आहेत. आपल्याकडे हा प्रश्न केवळ रसायनाचा नव्हता. मुंबईत आर्देशीर गोदरेज यांच्या कारखान्याने १९१८ च्या सुमारास 'चावी' या नावाचा, प्राणिज चरबी न वापरता केवळ वनस्पती तेलांपासून बनविलेला साबण काढला, त्यामागे हीच लोकभावना होती. १९८३ साली वनस्पती तुपात आयात चरबीची भेसळ होत असल्याचे प्रकरण गाजले आणि केंद्र शासनाने चरबीच्या आयातीवर बंदी आणली. तेव्हापासून साबणधंदा वनस्पतिजन्य मेदाकडे अधिकच वळला. आज बाजारात मिळणारे स्टिअरिक आम्ल बहुतांशी पामतेलापासून येते. 'शंभर टक्के देशी' असे लिहिलेल्या वडीतील निम्मा मेद आग्नेय आशियातून आलेला असू शकतो, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

सरकी, भुईमूग आणि अमळनेर :

खानदेश हा कापसाचा आणि म्हणून सरकीचा प्रदेश. भुईमूग आणि तीळ ही येथील जुनी तेलबी पिके. सरकीची ढेप जनावरांना आणि तेल माणसांना हा हिशेब शेतकऱ्याला नवा नाही. परंतु साबणाच्या दृष्टीने सरकीचे तेल अवघड आहे. त्यात लिनोलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. हे आम्ल असंतृप्त असल्यामुळे हवेतील ऑक्सिजनशी लवकर संयोग पावते, साबण खवट होतो, त्यावर नारिंगी-तपकिरी ठिपके उमटतात. शेंगदाण्याचे तेल ओलेइक आम्लाने समृद्ध असल्यामुळे त्यापेक्षा बरे. तरी त्याचा साबण मऊ, फेस बेताचा.

या अडचणीवरचा औद्योगिक उपाय म्हणजे हायड्रोजनीकरण. निकेल उत्प्रेरकाच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन वायू सोडला की लिनोलेइक आम्लाचे ओलेइक आणि पुढे स्टिअरिक आम्लात रूपांतर होत जाते. पातळ तेल घट्ट होते. वनस्पती तूप याच रीतीने तयार होते. एम. एच. हशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. तेल शुद्ध करताना जो साबणयुक्त गाळ उरतो त्याचा उपयोग कपडे धुण्याच्या साबणासाठी होऊ लागला. त्या साबणाचे '७८७' हे नाव जुन्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात असेल. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतली. पुढे कंपनीचे नाव विप्रो झाले, १९८० च्या दशकाच्या मध्यास चंदन आणि हळदीचा 'संतूर' साबण आला आणि संगणक व्यवसायाने तर तिची ओळखच बदलून गेली. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी जुने शेअर ट्रंकेत जपून ठेवले, त्यांच्या कथा सर्वश्रुत आहेत. प्रस्तुत विषयापुरते महत्त्व एवढेच, की तेल घट्ट करणे आणि साबणाला स्टिअरिक आम्ल मिळवून देणे ही एकाच रसायनक्रियेची दोन फळे आहेत, आणि ते रसायन खानदेशात साडेसात दशकांहून अधिक काळ परिचित आहे.

हस्तनिर्मित साबण करणाऱ्याला हायड्रोजनीकरण परवडणार नाही. त्याने नैसर्गिकरीत्या घट्ट असलेल्या मेदांकडे पाहावे. कोकणातील कोकमाच्या बियांचे तेल, ज्याला तिकडे मुठेल म्हणतात, हे स्टिअरिक आम्लाने अत्यंत समृद्ध आहे. निम्म्याहून अधिक वाटा त्याच आम्लाचा असतो. सातपुड्यातील मोहाच्या बियांचे तेलही थंडीत थिजते. त्यात पामिटिक व स्टिअरिक मिळून साधारण चाळीस ते पंचेचाळीस टक्के असतात. या दोहोंत थोडे खोबरेल आणि थोडे एरंडेल मिसळल्यास विकतचे स्टिअरिक आम्ल बऱ्याच अंशी कमी करता येते. एरंडेलातील रिसिनोलेइक आम्ल फेसाला चिकाटी व घसरण देते. मात्र ते दहा टक्क्यांच्या फार पुढे गेले की वडी चिकट होते.

वेष्टन कसे वाचावे :

सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावयाचे असतात. एक टक्का वा त्याखालील घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. हा एक नियम लक्षात ठेवला तरी वाचन सुकर होते. यादीच्या आरंभी स्टिअरिक आम्ल किंवा पोटॅशियम स्टिअरेट, पाणी, खोबरेल, दोन्ही अल्कली आणि ग्लिसरीन ही नावे आली तर तो दाढीचा साबण आहे असे समजावे. अल्कलीचे नाव वाचून घाबरण्याचे कारण नाही. अल्कलीशिवाय साबण होत नाही, आणि साबणीकरण पूर्ण झाल्यावर ती शिल्लक राहत नाही. 'रसायनविरहित साबण' ही जाहिरात वाचली की निदान रसायनशास्त्राच्या शिक्षकाने तरी हसून पुढे जावे.

यादीत केवळ सोडियमचे क्षार, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल आणि सोडियम लॉरेथ सल्फेट असेल, तर ती वडी बहुधा तयार पारदर्शक ठोकळा वितळवून, त्यात रंग व वास घालून साच्यात ओतलेली असते. हा गुन्हा नव्हे. अनेक बचत गटांची सुरुवात याच मार्गाने होते. परंतु अशी वडी दाढीसाठी उपयोगी नाही आणि 'हस्तनिर्मित' या शब्दाने तिची किंमत दुप्पट व्हावी असेही काही तिच्यात नाही. बेंटोनाइट किंवा केओलिन ही माती पाते घसरावे म्हणून घालतात. दोन-तीन टक्क्यांपर्यंत ती ठीक, अधिक झाल्यास पाते लवकर बोथट होते अशी वापरणाऱ्यांची तक्रार असते. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीवरील मेण आहे. ते त्वचेवर मऊपणा ठेवते, पण काहींना त्याची ॲलर्जी असते. शिवाय शाकाहाराविषयी कटाक्ष बाळगणाऱ्यांना त्याचा उगम ठाऊक असावा.

अंघोळीच्या साबणासाठी भारतीय मानकात एकूण स्निग्ध द्रव्याचे, म्हणजे टीएफएमचे, ७६, ७० आणि ६० टक्के असे तीन दर्जे सांगितले आहेत. हा आकडा दाढीच्या साबणाला जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. दाढीच्या साबणात पाणी आणि ग्लिसरीन मुद्दाम अधिक ठेवलेले असते. त्यामुळे टीएफएम कमी दिसले म्हणून साबण हलका ठरत नाही.

पाण्याचा प्रश्न :

पुण्या-मुंबईत उत्तम फेसणारा साबण जळगावात किंवा धुळ्यात निराशा का करतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा विंधन विहिरीत सापडते. बेसाल्ट खडकातील आणि तापी खोऱ्याच्या गाळातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ ठिकाणी जास्त असतात. पाठ्यपुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हटले आहे आणि हा शब्द येथे अक्षरशः खरा ठरतो. कॅल्शियम आणि स्टिअरेट यांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. ब्रशाच्या केसांत अडकणारा आणि बेसिनच्या कडेला जमणारा थर तोच. स्टिअरिक आम्ल जितके जास्त तितका साकाही जास्त, म्हणजे जो गुण तोच येथे दोष ठरतो.

यावर उपाय सोपे आहेत. दाढीला एक पेलाभर पाणी पुरते. पिण्याचे शुद्ध केलेले पाणी त्यासाठी वापरले तरी ओझे पडत नाही. उकळून गाळलेल्या पाण्यातील बायकार्बोनेटमुळे असलेली तात्पुरती कठीणता निघून जाते. सल्फेट व क्लोराइडची राहते. घटकांच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए किंवा सोडियम सायट्रेट असेल तर तो साबण कठीण पाण्यात अधिक तग धरतो, कारण हे पदार्थ कॅल्शियमला पकडून ठेवतात. खरेदीपूर्वी परीक्षा करावयाची असल्यास साबणाचा वाटाण्याएवढा तुकडा किसून अर्ध्या बाटलीभर घरच्या पाण्यात व तितक्याच शुद्ध पाण्यात स्वतंत्रपणे हलवून पाहावा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना साबणाचे आणि पाण्याचे रसायन एकदम शिकविण्यास याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

सुगंध : रोशाची कथा

खानदेशाचे सुगंधाशी असलेले नाते सांगताना एका गवताचा उल्लेख अपरिहार्य आहे. सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे रोशा किंवा रोहिस गवत, ज्याला इंग्रजी व्यापारात पामारोझा म्हणतात, त्याच्या फुलोऱ्यापासून ऊर्ध्वपातनाने तेल काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकात खानदेशात चालत असे. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात त्याची नोंद आहे. पिंपळनेर, नंदुरबार हा पट्टा यासाठी ओळखला जाई. पिंपळनेर आजच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात आहे आणि नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होते. ओढ्याकाठी भट्टी लावायची, तांब्याच्या किंवा लोखंडी भांड्यात गवत व पाणी भरायचे, वाफ नळीने थंड पाण्यातील भांड्यात आणायची आणि वर तरंगणारे तेल काढून घ्यायचे, अशी ती साधी रीत. ओल्या गवताच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतके तेल मिळाले तरी पुष्कळ.

हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जात असे. तेथे 'इद्रिस याघी' या नावाने ते ओळखले जाई आणि त्याचा मुख्य उपयोग गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी होई. याचे कारण रासायनिक आहे. एक किलो गुलाबतेलासाठी साडेतीन-चार हजार किलो फुले लागतात. त्यातील एक प्रमुख सुगंधी घटक जेरॅनिऑल आहे, आणि रोशा तेलात जेरॅनिऑलचे प्रमाण सत्तर ते पंच्याऐंशी टक्के असते. आपल्या डोंगरातील गवत इस्तंबूलमध्ये गुलाब म्हणून विकले जात होते. भेसळीचा इतिहास म्हणून ही गोष्ट खेदाची खरी; पण साबणाच्या दृष्टीने रोशा हे स्वतःच्या नावाने विकण्याच्या योग्यतेचे तेल आहे.

ही योग्यता कशात आहे हे समजण्यासाठी साबणात सुगंधाचे काय होते ते पाहावे लागेल. साबण अल्कधर्मी असतो. त्याचे सामू मूल्य नऊ ते दहाच्या आसपास. या परिस्थितीत प्रत्येक सुगंधी रेणू टिकत नाही. एस्टर वर्गातील रेणूंचे हळूहळू विघटन होते. लव्हेंडरमधील लिनॅलिल ॲसिटेट तुटले की त्याचा फळासारखा ताजेपणा जातो आणि वास सपाट होतो. अल्डिहाइड वर्गातील रेणू रंग बदलतात. गवती चहाच्या तेलातील सिट्रल पिवळसर होते व फिके पडते, व्हॅनिलिन वडीला तपकिरी करते. लवंगेतील युजेनॉल फिनॉल वर्गातील असल्याने ते घालताच मिश्रण भराभर घट्ट होते, साच्यात ओतण्यासही वेळ मिळत नाही. लिंबू-संत्र्याच्या सालींचे तेल महिन्या-दोन महिन्यांत उडून जाते. याउलट अल्कोहोल वर्गातील रेणू, म्हणजे जेरॅनिऑल, चंदनातील सँटॅलॉल, खसमधील जड अल्कोहोले, अल्कलीत शांतपणे टिकून राहतात. रोशाच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. त्यातील जेरॅनिल ॲसिटेट हे एस्टर तुटले तरी त्यातून जेरॅनिऑलच बाहेर पडते, म्हणजे वासाचा पाया ढळत नाही. गुलाबाच्या वासाचा साबण सहा महिन्यांनीही गुलाबासारखाच वास देत असेल तर त्यात खऱ्या गुलाबापेक्षा रोशा किंवा कृत्रिम जेरॅनिऑल असण्याचीच शक्यता अधिक. त्यात वावगे काही नाही. तसे वेष्टनावर लिहिले म्हणजे झाले.

रोशातही दोन प्रकार आहेत. 'मोतिया' प्रकाराचे तेल गोड व गुलाबी वासाचे. 'सोफिया' प्रकाराचे उग्र, आल्याकडे झुकणारे. दिसायला गवत जवळजवळ सारखेच. विक्रेत्यास प्रकार सांगता आला नाही तर तेल कागदाच्या पट्टीवर लावून दुसऱ्या दिवशी हुंगावे. मोतियाचा गोडवा तेव्हाही जाणवतो. टर्पेंटाइनची भेसळ असेल तर ती पहिल्या काही मिनिटांतच नाकाला कळते.

चंदनाविषयी वेगळे सांगावयास हवे. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातील चंदनाच्या लाकडाची निर्यात अडली, तेव्हा दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत १९१६ च्या सुमारास तेथेच चंदनतेल काढण्याचा उद्योग सुरू झाला आणि त्यातून पुढे प्रसिद्ध म्हैसूर सँडल साबण आला. या विश्वेश्वरय्यांची अभियंता म्हणून कारकीर्द १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सुरू झाली आणि आरंभीच्याच काळात त्यांनी आपल्या धुळे परिसरात पांझरा नदीच्या पाटावर दातर्ती येथे नळांचा सायफन बांधला. विषयाशी याचा संबंध ओढूनताणून आणलेला आहे हे मान्य; पण साक्री तालुक्यातील वाचकास तो आवडेल. आज खऱ्या चंदनतेलाची किंमत किलोला लाखांत जाते. एखाद्या शंभर ग्रॅमच्या वडीत सुगंध दोन टक्के धरला तरी दोन ग्रॅम चंदनतेलाची किंमतच वडीच्या किमतीहून अधिक होईल. एका प्रदर्शनात मी घेतलेल्या 'शुद्ध चंदन' वडीची किंमत साठ रुपये होती. विक्रेत्या ताईंना तेलाचा भाव विचारला, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "सर, ते शहरातून सुवासाची बाटली आणतो, त्यावर चंदन लिहिलेलं असतं." फसवणूक त्यांची झाली होती, आणि त्यांच्यामार्फत माझी.

त्वचा आणि ॲलर्जी :

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज सुगंधाच्या बाबतीत टिकत नाही. जेरॅनिऑल, लिनॅलूल, सिट्रल, युजेनॉल ही निसर्गातील द्रव्येच काही व्यक्तींच्या त्वचेला ॲलर्जी आणतात. युरोपीय संघाने २००३ मध्ये अशा सव्वीस सुगंधी द्रव्यांची नावे, धुऊन टाकावयाच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यांहून अधिक असल्यास, वेष्टनावर देणे बंधनकारक केले आणि २०२३ च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या पुढे नेली. आपल्याकडील बहुतेक वेष्टनांवर 'परफ्युम' हा एकच शब्द असतो. ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे त्यांच्यासाठी तो निरुपयोगी आहे. दाढीनंतर गालावर सूक्ष्म ओरखडे असतात, म्हणून हाताला सोसलेला साबण गालाला सोसेलच असे नाही.

नवा साबण तपासताना त्याची पट्टी बांधून दिवसभर ठेवणे अयोग्य आहे. झाकून ठेवलेला कोणताही साबण त्वचेला झोंबतोच. कोपराच्या आतील बाजूस फेस लावून पाच मिनिटांनी धुवावा आणि हे तीन-चार दिवस करावे. मेंथॉलविषयी एक गैरसमज असा, की गार वाटले म्हणजे जंतू मेले. मेंथॉल त्वचेतील शीत-संवेदक मज्जातंतूंना चेतविते, एवढाच त्या गारव्याचा अर्थ. रक्त थांबविण्याचे काम तुरटी करते, तीही प्रथिने गोठवून. परंतु केशकर्तनालयात एकच खडा सर्वांच्या गालावर फिरत असेल तर तिला नम्रपणे नकार द्यावा.

प्रयोगशाळेतील एक धडा :

अनेक महाविद्यालयांत कौशल्याधारित अभ्यासक्रमांतर्गत साबणनिर्मिती शिकविली जाते. आमच्या प्रयोगशाळेत घडलेली एक चूक येथे सांगणे उपयुक्त ठरेल. शंभर ग्रॅम मेदाचे मिश्रण ठरले होते : स्टिअरिक आम्ल ५०, खोबरेल २०, शेंगदाणा तेल २० आणि एरंडेल १० ग्रॅम. त्यास लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड अनुक्रमे सुमारे १०.२५, ५.१, ३.८ आणि १.८, म्हणजे एकूण २१ ग्रॅम. थोडा मेद मोकळा राहावा म्हणून पाच टक्के कमी करून २० ग्रॅम. त्यातील साठ टक्के पोटॅशियमचे व चाळीस टक्के सोड्याचे ठेवायचे होते. विद्यार्थ्यांनी १२ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ८ ग्रॅम कॉस्टिक सोडा घेतला. येथेच चूक झाली. दोहोंचे रेणुभार ५६ आणि ४० असल्याने ८ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या जागी ५.७ ग्रॅमच सोडा पुरतो. शंभर ग्रॅम मेदामागे २.३ ग्रॅम सोडा जास्त पडला. वडी दिसायला सुंदर झाली, रोशाचा वासही छान आला. एका विद्यार्थ्याने ती घरी नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा चाचणी घेतली म्हणून अनर्थ टळला.

ही चाचणीही नीट करावी लागते. साबण पाण्यात विरघळवून फिनॉल्फ्थॅलीन टाकल्यास चांगला साबणही गुलाबी दिसतो, कारण पाण्यात साबणाचे अंशतः जलापघटन होते. साबण उदासीन केलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळवून दर्शक टाकावा. तेव्हा गुलाबी रंग आला तरच मुक्त अल्कली आहे असे समजावे. आमचे द्रावण गडद गुलाबी झाले. जिभेला वडी लावून 'झटका' पाहण्याची जी पद्धत हौशी मंडळी सुचवितात, ती प्रयोगशाळेत तरी होऊ देऊ नये. बाजारातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड पंच्याऐंशी ते नव्वद टक्केच शुद्ध असते, त्याचीही दुरुस्ती हिशेबात घ्यावी. नव्वद टक्के शुद्धतेला १२ ग्रॅमऐवजी १३.३ ग्रॅम लागतात. अल्कली पाण्यात टाकावी, पाणी अल्कलीत ओतू नये. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये, त्यातून हायड्रोजन सुटतो. स्टिअरिक आम्ल गरम अवस्थेतच मिसळावे लागते, अन्यथा ते क्षणात गुठळ्या करते. डोळ्यांना चष्मा हवाच.

विक्रीपूर्वी :

साबण बराच काळ सौंदर्यप्रसाधनाच्या कायदेशीर व्याख्येबाहेर होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येतील 'साबण वगळून' हे शब्द १९८२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. तेव्हापासून विक्रीसाठी साबण तयार करणाऱ्यास, तो घरच्या ओसरीत का होईना, राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि उत्पादनाचा महिना व वर्ष असावे लागते. प्रदर्शनांतील पुष्कळ वड्यांवर यातील एकही गोष्ट नसते. बचत गटातील महिलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणात साचे आणि रंग दाखविले जातात, परवान्याचा अर्ज कोणी दाखवीत नाही. प्रशिक्षण देणारी संस्था पुष्कळदा एखादे महाविद्यालयच असते. आमच्या विभागाने यंदापासून अभ्यासक्रमाचा शेवटचा दिवस रेणुभाराचा हिशेब, अल्कोहोलमधील चाचणी आणि परवान्याचा अर्ज भरणे यांसाठी राखून ठेवला आहे. 'चंदन' लिहिलेली बाटली घेणाऱ्या त्या ताई पहिल्या तुकडीत होत्या. त्यांच्या नव्या वडीच्या यादीत मोहाचे तेल तिसऱ्या क्रमांकावर आणि रोशा तेल शेवटून दुसऱ्या क्रमांकावर आहे.